रेडलायनिंग

रेडलायनिंग ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वांशिक भेदभावाची एक पद्धत होय. तीनुसार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना गृहकर्ज व विमा नाकारला जात असे.

पार्श्वभूमी

महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने २०० हून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत वस्त्यांच्या चार श्रेणी असून सर्वांत धोकादायक श्रेणी लाल रंगाने दर्शविलेली असे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा याच श्रेणीत गणल्या गेल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननेही गृहकर्जाची हमी देताना वंशाचा विचार केला.

परिणाम

अमेरिकी मध्यमवर्गाची बरीचशी संपत्ती राहत्या घरात असते आणि ती वारशाने पुढील पिढीस मिळते. त्यामुळे उत्पन्न समान असूनही श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीत मोठी तफावत राहिली. शाळांच्या खर्चाचा काही भाग स्थानिक मालमत्ता करातून येत असल्याने शिक्षणातील विषमताही वाढली.

कायदे

१९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने हा भेदभाव बेकायदेशीर ठरविला. १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याने अल्प उत्पन्न गटातील वस्त्यांना कर्जपुरवठा करण्याची जबाबदारी बँकांवर टाकली. मात्र त्याचा निकष वंश नसून उत्पन्न हा आहे. संपत्तीतील वांशिक तफावत अद्याप कायम आहे.