वर्तना आणि पडछाया

एखादे पात्र ‘सपाट’ आहे, एखाद्या व्यक्तिरेखेला ‘खोली’ आहे, असे आपण वर्गात नेहमी म्हणतो. हे शब्द मुळात चित्राच्या पृष्ठभागाशी निगडित आहेत. कागद सपाट असतो. खोलीचा भास छायेमुळे होतो. भारतीय चित्र रेषाप्रधान आणि छायांकन ही इंग्रजांची देणगी, असे विधान त्यापाठोपाठ सहज केले जाते. ते अर्धेच खरे आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात छायांकनाला ‘वर्तना’ अशी संज्ञा आहे. पानाच्या आकाराच्या रेषांनी केलेली पत्रवर्तना, अतिसूक्ष्म अशी आहैरिक आणि ठिपक्यांची बिंदुवर्तना असे तिचे तीन प्रकार तेथे येतात. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, तर विचक्षण रसिक वर्तनेची, असेही हा ग्रंथ सांगतो. अजिंठ्यातील आकृतींच्या कडा गडद होत जातात आणि देह गोलाईने पुढे येतो. मात्र हा उठाव आकृतीचा स्वतःचा आहे. तेथे प्रकाश एका ठरावीक दिशेने येत नाही आणि आकृतीची सावली जमिनीवर पडत नाही.

१८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेने वेगळी दृष्टी दिली. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थी पेन्सिलीने रेखाटन करीत. फ्रान्समध्ये काँते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटमध्ये माती मिसळण्याची कृती शोधली होती. माती जास्त तर पेन्सिल कठीण व फिकट. माती कमी तर मऊ व काळी. त्यामुळे करड्या रंगाच्या अनेक छटा हाताशी आल्या. या पद्धतीत सर्वांत गडद भाग कडेला नसतो; कडेवर परावर्तित प्रकाशाची फिकट पट्टी ठेवली की आकार मागे वळतो. वस्तूला जमिनीवर टेकवते ती पडछाया.

पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याच कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करू लागला. ग्रीक पुतळ्यांवर तयार झालेले हात तेथे वर्तनेसमोर आले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या.

तेव्हा छाया ‘होती की नव्हती’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. एक परंपरा देहाची गोलाई दाखवते, दुसरी त्यावर पडलेला क्षणाचा प्रकाश. व्यक्तिरेखेत आपण ‘खोली’ शोधतो ती यांपैकी कोणती, हे समीक्षेनेही स्वतःला विचारायला हवे.