ह्वारचे नाट्यगृह

क्रोएशियातील ह्वार बेटावरच्या नाट्यगृहाच्या दारावर १६१२ हे साल लॅटिनमध्ये कोरलेले आहे आणि सोबत शब्द आहेत, ‘शांततेचे दुसरे वर्ष’. ही शांतता घरातल्याच भांडणानंतरची. सत्ता व्हेनिसची, वैर मात्र बेटावरचे सरदार आणि सामान्य रहिवासी यांच्यातले. १५१० मध्ये मातिया इवानिचच्या पुढाकाराने उठाव झाला, रक्त सांडले आणि तेढ जुनाट दुखण्यासारखी शंभर वर्षे मुरली. अखेर समेट झाला. व्हेनिसचा अधिकारी पिएत्रो सेमितेकोलो याने आरमारी गोदीच्या वरच्या मजल्यावर हे नाट्यगृह उभारले. खाली गलबते, वर रंगमंच! प्रवेश सरदारांना आणि सामान्यांनाही. कालच्या वैऱ्यासोबत एकाच छपराखाली नाटक पाहणे, हे तहावर सही करण्यापेक्षा अवघड असावे. आतली आजची सजावट एकोणिसाव्या शतकातली. दीर्घ डागडुजीनंतर २०१९ मध्ये दार पुन्हा उघडले.