आडनावाची वजाबाकी : सेंट जॉर्जेसची अर्जछाननी

अर्ज माणसाच्या नजरेस पडण्याआधीच यंत्राने बाद करावा, ही तक्रार आजच्या नोकरी शोधणाऱ्या तरुणांना अगदी ताजी वाटते. तिचे मूळ शोधत गेल्यास लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलपर्यंत पोहोचता येते.

तेथे दरवर्षी सुमारे २,५०० प्रवेशअर्ज येत. त्यांपैकी बहुसंख्य केवळ कागद वाचून नाकारले जात. उरलेल्यांना मुलाखतीस बोलावणे येई. हे कंटाळवाणे काम हलके करण्यासाठी डॉ. जेफ्री फ्रँग्लन यांनी परीक्षकांच्या निवडीचा अभ्यास केला आणि त्यांच्याच रीतीने गुण देणारा प्रोग्राम १९७९ मध्ये पूर्ण केला. यंत्राचे आणि परीक्षकांचे निकाल ९० ते ९५ टक्के जुळले. १९८२ पासून प्राथमिक छाननी सर्वस्वी यंत्राकडे गेली.

जुळले, हाच घोटाळा होता. परीक्षकांच्या गुणवत्तेच्या कसोट्यांबरोबर त्यांचे पूर्वग्रहही यंत्रात उतरले होते. अर्जात वंशाचा रकानाच नव्हता. तरी आडनाव आणि जन्मस्थान पाहून प्रोग्राम तो ताडून घेई. नाव बिगर-युरोपीय ठरल्यास १५ गुण वजा. स्त्री असल्यास सरासरी ३ वजा. अर्जदाराला यातले काहीच कळण्याचा मार्ग नव्हता.

डिसेंबर १९८६ मध्ये संस्थेतल्याच दोन ज्येष्ठ अध्यापकांनी ब्रिटनच्या वंशसमानता आयोगाकडे धाव घेतली. १९८८ मध्ये आयोगाने संस्थेला दोषी ठरवले. वर्षाला तब्बल ६० जणांची मुलाखत केवळ वंश वा लिंगामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला. पूर्वी नाकारलेल्या तिघांना प्रवेश देऊ करण्यात आला. फक्त तिघांना!

विपर्यास असा, की लंडनमधील इतर बहुतेक वैद्यकीय संस्थांपेक्षा येथे बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिकच होते. तरीही सापडली ती हीच संस्था, कारण येथला भेदभाव लिहून ठेवलेला होता. परीक्षकाने मनातल्या मनात कापलेले गुण कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाहीत; प्रोग्राममध्ये मात्र ते आकड्यांत उभे होते.

पुढे ॲमेझॉनने २०१४ पासून उमेदवारांचे बायोडेटा पारखणारी प्रणाली घडवायला घेतली. तिला धडे मिळाले ते दहा वर्षांच्या जुन्या अर्जांचे, आणि ते बहुतांशी पुरुषांचे होते. ‘महिला’ हा शब्द असलेले बायोडेटा ती खाली ढकलू लागली. प्रयोग गुंडाळला गेल्यावर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रॉयटर्सने ते उघड केले. येथे वजाबाकीचा आकडा कोणी लिहिला नव्हता. यंत्राने तो आपणहून काढला होता.