करवतीच्या दुसऱ्या टोकाला

इतिहास शिकवताना तलवारीविषयी पुष्कळ बोलावे लागते. करवतीविषयी मात्र एक वाक्यही कधी येत नाही. आपल्या पेडणे महालाचा इतिहासही आपण राजवटींच्या नावांनीच मोजतो. आधी सावंतवाडीकर भोसले, १७८८ पासून पोर्तुगीज, आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर स्वतंत्र भारत. परंतु राजवट कोणतीही असो, तेरेखोल आणि शापोरा ह्या दोन नद्यांमधल्या गावांत घरे बांधली जात होती, देवळांचे सभामंडप उभे राहत होते, मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर होड्या पाण्यात उतरत होत्या. त्यासाठी कोणीतरी वीस-वीस फुटांचे ओंडके सरळ रेषेत चिरीत होते. करवत त्यांच्या हाती होतीच. पण एवढे लांब आणि जड लाकूड चिरताना ते पेलून कसे धरीत, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेख तेवढ्याच प्रश्नापुरता आहे. विषय लहान खरा. परंतु आज घराच्या पडवीत विजेची करवत चालवणाऱ्या तरुणाच्या बोटांशी त्याचा थेट संबंध आहे.

प्रथम नावे पाहू, कारण सीमेवरच्या माणसाला इतिहास आधी शब्दांत भेटतो. लाकडाच्या कारागिराला आपल्याकडे कोणी सुतार म्हणतो, कोणी मेस्त किंवा मेस्त्री. आणि गोव्यातील कित्येक कारागीर घराण्यांचे आडनाव च्यारी. मेस्त हा पोर्तुगीज शब्दावरून आला, च्यारी हा आचार्यावरून. दोहोंचा मूळ अर्थ गुरू! सुतार मात्र संस्कृत सूत्रधारापासून आला, म्हणजे सूत धरणारा. दशावताराच्या रंगमंचावर येणारा सूत्रधार आणि आपल्या खळ्यातला सुतार ही एकाच शब्दाची लेकरे आहेत. करवत हा शब्दही तितकाच जुना. त्याचे मूळ संस्कृत करपत्रात आहे.

सुताराचे सूत म्हणजे कोळशाच्या पाण्यात किंवा कावेत बुडवलेली दोरी. ती ओंडक्यावर ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. ह्यालाच सूत मारणे म्हणतात. पण सूत मारण्याआधी एक काम असते. ओंडका अशा रीतीने बसवावा लागतो की तो लोळणार नाही. दोन्ही तोंडांवर ओळंबा लावून रेघा आखल्या आणि नंतर ओंडका बोटभर जरी फिरला, तरी करवत एका टोकाला रेघेवर आणि दुसऱ्या टोकाला रेघेबाहेर निघते. फळी पिळलेली पडते. म्हणजे सुताराच्या कामाची सुरुवात करवतीने होत नाही, आधाराने होते.

ओंडका लांबीत चिरण्याच्या जुन्या रीती दोन. एक, जमिनीत पुरुषभर खोल खड्डा खणून त्यावर ओंडका टाकायचा. दुसरी, जाड वाशांची कैची उभारून तिच्यावर ओंडका चढवायचा. आपली जमीन जांभ्याची. तिच्यात पुरुषभर खड्डा खणणे म्हणजे चिऱ्यांची खाण काढण्यासारखेच. शिवाय पावसाळ्यात त्यात पाणी साचणार. अशा भूमीला कैचीच सोयीची. एक गडी ओंडक्यावर उभा राहून करवत वर ओढतो आणि रेघेवर नजर ठेवतो. दुसरा खाली उभा राहून ती खाली खेचतो. खालच्याला रेघ दिसत नाही, डोळ्यांत भुसा मात्र भरपूर जातो. करवत पुढे सरकली की आधाराचे लाकूड तिच्या वाटेत येते. मग ते काढून आधीच चिरलेल्या भागाखाली घ्यावे लागते. तिरक्या चढवलेल्या ओंडक्याची निम्मी लांबी चिरून झाली की ओंडका दुसऱ्या बाजूला झुकवतात आणि उरलेला भाग तिकडून चिरतात. सूत नीट मारलेले असेल तर दोन्ही काप मध्यावर बिनचूक भेटतात.

ह्या कामाचे एक सुंदर चित्र जपानात आहे. होकुसाई ह्या चित्रकाराने १८३० च्या सुमारास फुजी पर्वताची जी प्रसिद्ध चित्रमालिका केली, तिच्यातील एका चित्रात भला मोठा चौकोनी ओंडका कैचीवर तिरका टेकवलेला आहे. एक कारागीर त्यावर उभा, एक खाली, एक जण बाजूला बसून करवतीला धार लावतो आहे. फुजी पर्वत दिसतो तो आधाराच्या लाकडांमधल्या त्रिकोणातून! आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या मेस्त्रीला ते चित्र दाखवले तर त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडची साक्ष चित्राऐवजी गोष्टीत सापडते. पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. ती पंचतंत्रात आहे आणि नारायण पंडिताच्या हितोपदेशातही आहे. हितोपदेशात तर चिरण्याचे हत्यार करपत्र आणि पाचर ठोकणारा सूत्रधार, हे दोन्ही शब्द आले आहेत. अर्धवट चिरलेल्या खांबाच्या फटीत सुतार पाचर ठोकून जातो. माकड ती उपटते, फट मिटते आणि माकड चिरडून मरते. नसत्या उठाठेवी करू नयेत, हे तात्पर्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण सुताराने ती पाचर तिथे का ठोकली होती, हे कोणी विचारीत नाही. लाकूड चिरत गेले की दोन्ही फाळक्या आपल्या वजनाने आणि आतल्या ताणाने एकमेकींकडे झुकतात, फट आवळते आणि करवत चिमटीत सापडते. पाचर म्हणजे त्या फटीला दिलेला आधार. शेकडो वर्षांपूर्वीच्या कथाकाराला हे ठाऊक होते, आणि ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असणार असे त्याने गृहीत धरले होते. आपल्या मुलांच्या बाबतीत ते गृहीत धरता येईल का?

आधार कुठे द्यावा, ह्याचे शास्त्र मात्र युरोपात लिहिले गेले. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका संगमरवरी खांबाची हकीकत दिली आहे. खांब दोन टोकांना दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. तो मध्ये मोडू नये म्हणून एका कारागिराने मध्यभागी तिसरा आधार दिला. सर्वांना ती युक्ती पटली. काही महिन्यांनी खांब नेमका त्या तिसऱ्या आधारावरच मोडलेला आढळला! टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला मात्र घट्ट राहिला. त्यामुळे अर्धा खांब अधांतरी लोंबू लागला होता. आधार वाढवला म्हणजे सुरक्षितता वाढली असे होत नाही. सर्व आधार एका पातळीत हवेत, आणि एक खचला तर भार कुठे जाईल ह्याचा विचार आधीच करायला हवा. उंचसखल अंगणात तीन घोड्यांवर फळी ठेवणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ह्यातले तत्त्व घरातल्या घरात पाहता येते. एक लवचिक फूटपट्टी दोन पुस्तकांवर दोन टोकांना टेकवा आणि मध्ये दाबा. पट्टीला झोळ पडतो. तिची वरची बाजू आवळते, खालची ताणते. लाकूड असे ठेवून मध्ये कापले तर काप वरून मिटत जातो आणि करवत अडकते. आता पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून दुसरे बाहेर लोंबू द्या. इथे वरची बाजू ताणते. लाकूड असे ठेवून आधाराबाहेर कापले तर काप उघडत जातो, करवत मोकळी चालते. पण शेवटच्या क्षणी तुकडा आपल्या वजनाने तुटतो आणि खालचा ढलपा उचकटून नेतो. लांबीचा परिणामही भयंकर असतो. तीच फळी, तेवढीच जाडी. पण दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले तर तिच्या स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ सोळापट होतो. बारा फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच जाड अशी सागाची फळी दीड घनफूट भरते आणि वाळलेली असली तरी तिचे वजन पंचवीस किलोंच्या वर जाते. मीटर-किलोचा कायदा देशात १९५६ साली झाला, तरी वखारीतला व्यवहार अजून घनफुटातच बोलला जातो, म्हणून हे माप तसेच दिले.

यंत्र आले तेव्हा काय झाले? हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून ह्याने १५९४ च्या सुमारास पवनचक्कीवर करवत चालवली. त्या यंत्रात ओंडका एका सरकत्या गाड्यावर बांधून करवतीपुढे नेला जाई. ओंडका पेलण्याचे आणि पुढे सरकवण्याचे माणसांचे काम गाड्याने घेतले. लंडनजवळ लाइमहाउस येथे अशी गिरणी उभी राहिली, तेव्हा १७६८ च्या मे महिन्यात करवत ओढणाऱ्या मजुरांच्या जमावाने ती मोडून टाकली. पेडणे पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी वीस वर्षांची ही घटना. त्या मजुरांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. पण त्यांची भाकरी करवतीच्या दोन टोकांना होती, आणि यंत्राला दोघांपैकी एकही नको होता. आपल्याकडे असा दंगा झाला नाही. सॉ मिल आल्या, ओंडके ट्रकमधून तिकडे जाऊ लागले, १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाड तोडण्यावर बंधने आली, आणि खळ्यातली कैची आवाज न करता नाहीशी झाली. सॉ मिलमध्येही ओंडका ट्रॉलीवर घट्ट बांधूनच करवतीपुढे जातो, हे जाता जाता लक्षात घ्यावे. करवत विजेची झाली तरी आधाराचा नियम सुटला नाही.

तो सुटला आहे तो घरात. आता हातात धरायची विजेची चक्री करवत, जिला कारागीर नुसते कटर म्हणतात, सहज मिळते. पुष्कळ तरुण घरीच कपाट, दिवाण, माटोळीची चौकट करतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु हातकरवत फटीत आवळली तर नुसती थांबते. चक्री करवत थांबत नाही, ती उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून जुन्या कैचीवरचे शहाणपण आज पूर्वीपेक्षा अधिक लागते. थोडक्यात ते असे.

लांब फळी मध्यावर कापायची असेल तर आधार चार घ्यावेत, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. कापल्यावर दोन्ही तुकडे आपापल्या आधारावर उभे राहिले पाहिजेत, ही कसोटी. टोकाचा तुकडा काढायचा असेल तर ठेवायच्या भागाखाली दोन आधार द्यावेत आणि आधाराच्या जवळच, पण बाहेर, कापावे. तुकडा लहान असेल तर त्याला मोकळेपणी पडू द्यावे. प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता जमिनीवर तीन-चार समान जाडीच्या पट्ट्या टाकून त्यांवर पसरावा आणि करवतीचे पाते तक्त्याच्या जाडीपेक्षा किंचितच खाली उतरेल असे ठेवावे. फळी लांबीत चिरताना करवतीमागे फटीत लहानशी पाचर ठेवावी; माकडाची आठवण ठेवून ती काम संपेपर्यंत काढू नये. आणि टेबलावरच्या करवतीवर लांब फळी चिरताना पलीकडे टेबलाच्या पातळीत, किंवा केसभर खाली, दुसरा आधार असल्याशिवाय सुरुवातच करू नये. तो आधार टेबलापेक्षा उंच असेल तर फळी त्यावर आदळते आणि करवतीवर उलट जोर येतो.

राहिला दुसरा माणूस. आजही घरात काम निघाले की भाऊ, मुलगा किंवा शेजारी दुसरे टोक धरायला येतो. त्याच्या मनात मदत म्हणजे उचलणे. तो प्रेमाने टोक वर उचलतो, आणि त्याच क्षणी काप वरून मिटतो! धरणाऱ्याने उचलायचे नसते, ओढायचे नसते, वाकवायचे नसते. फळी ज्या पातळीत आहे त्याच पातळीत तिला तोलून धरायचे असते, आणि तुकडा सुटेपर्यंत कापणाऱ्याच्या हाताकडे पाहत राहायचे असते. खळ्यातल्या खालच्या गड्याला हे कळत होते. रेघ त्याला दिसत नव्हती, पण वरच्याच्या ओढीवरून त्याला लाकूड कळत होते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. दुसरे टोक धरूनच येते. पूर्वी मुलगा आधी दोन वर्षे नुसते धरायला शिके आणि मग त्याच्या हाती करवत येई. आज करवत आधी हाती येते आणि धरायला कोणी नसतो.

सभामंडपाच्या कोरीव खांबांपुढे आपण हात जोडतो, ते कोणत्या यजमानाने बांधले हे शिलालेखावर वाचतो. ते खांब सरळ चिरले गेले ते दोघांच्या तोलामुळे, आणि त्यांतल्या खालच्याचे नाव कोणत्याही शिळेवर नाही. त्याचे नाव आता शोधता येणार नाही. त्याचे काम मात्र शिकता येईल. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर दोन मुठींची जुनी करवत सापडली तर ती भंगारात देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ओंडका कशावर चढवीत, त्या लाकडांना काय म्हणत, पाचर कोणत्या झाडाची करीत? मराठीत सांगोत की कोकणीत, सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आणि मुलाच्या हाती कटर देण्यापूर्वी एकदा फळीचे दुसरे टोक त्याच्या हाती द्या.