ड्युसबुर्गचा लोखंडी चौक आणि आपलं गिरणगाव



जर्मनीत पाहुणे आले की आपण त्यांना ऱ्हाइनवरची बोट, कलोनचं कॅथेड्रल, फार तर नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा दाखवतो. ड्युसबुर्गला सहसा कोणी नेत नाही. "तिथे आहे काय? धूर आणि कारखाने!" हा समज अजून गेलेला नाही. पण डब्यात पोळीभाजी बांधून एकदा तिथल्या मायडरिश भागात जाऊन याच. आपल्याकडे चौक म्हटलं की मध्ये पुतळा असतो. इथल्या चौकात जमिनीवर चक्क लोखंड अंथरलंय. नाव पियात्सा मेटालिका. सात ओळी, प्रत्येक ओळीत सात, अशा ४९ जाडजूड चौरस प्लेटा. एकेकीचं वजन ७-८ टन! भोवती गंजलेल्या भट्ट्या आणि चिमण्या उभ्या.

आता थोडा इतिहास. आउगुस्ट थिसेन या उद्योगपतीने १९०१ साली इथे लोखंडाचा कारखाना काढला. पहिली ब्लास्ट फर्नेस १९०३ मध्ये पेटली. कोळसा पायाखालीच होता आणि खनिज आणायला जवळच ऱ्हाइन. पुढच्या ८२ वर्षांत इथे सुमारे ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड तयार झालं. ते जवळच्या पोलाद कारखान्यांत जायचं. चौकातल्या प्लेटाही तेव्हा ओतकामाच्या जागी वापरात होत्या, वितळलेल्या लोखंडाची धग सोसत. १९७० च्या दशकात युरोपात पोलाद गरजेपेक्षा जास्त व्हायला लागलं, युरोपीय समुदायाने उत्पादनाला कोटे लावले आणि एप्रिल १९८५ मध्ये मायडरिशची शेवटची भट्टी विझली. गंमत म्हणजे ही पाच नंबरची भट्टी १९७३ ची, म्हणजे जेमतेम बारा वर्षांची होती.

कारखाना पाडायचंच चाललं होतं. तेव्हा आसपासच्या लोकांनी मोहीम उघडली, की हा आमचा इतिहास आहे, पाडू नका. शिवाय पाडायचा खर्चही भरमसाट. शेवटी नॉर्थराइन-वेस्टफालिया राज्याने जमीन विकत घेतली. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं एम्शर नदीच्या पट्ट्यात पुनरुज्जीवनाची एक मोठी सरकारी योजना चालली, कार्ल गान्सर तिचे प्रमुख. त्या योजनेत या जागेसाठी स्पर्धा झाली आणि १९९१ मध्ये पेटर लाट्स या लँडस्केप आर्किटेक्टचा आराखडा निवडला गेला. लाट्सचं म्हणणं साधं होतं : जे आहे ते राहू द्या, त्याचा उपयोग बदला. म्हणून खनिजाच्या बंकरांच्या भिंतींवर आता गिर्यारोहक सराव करतात, गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे बुड्या मारतात आणि एका भट्टीच्या ओतशाळेत उन्हाळ्यात सिनेमे दाखवतात. १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं.

बाजूने वाहणाऱ्या जुन्या एम्शरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. खाणींमुळे इथली जमीन खचत असे, म्हणून जमिनीखाली गटारं घालता येत नसत, पाइप फुटले असते. त्यामुळे शंभरेक वर्षं एम्शर आणि तिचे ओढेच उघडं गटार झाले होते. खाणी बंद पडल्या, जमीन थांबली, तेव्हा कुठे सांडपाणी जमिनीखाली गेलं. अख्खी एम्शर सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ साल उजाडलं.

आमचे एक काका, मूळचे लालबागचे, तिथे माझ्याबरोबर आले होते. ऐन उमेदीची वर्षं गिरणीत पाळ्या केलेला माणूस. भट्टीवर चढून सगळं पाहिलं आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एवढी जागा मालकाने टॉवर न बांधता सोडलीच कशी?"

प्रश्न बरोबर जागी लागतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. म्हणजे मायडरिश थंड पडलं त्याच सुमारास आपलं गिरणगावही थंड पडत होतं. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत वाटणी ठरली : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीने गिरणगावाचा एकत्रित आराखडाही सुचवला. पण २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मोकळी जागा मिळणार होती तिचा तुकडाच हाती आला. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी!

आता लगेच "जर्मन शहाणे, आपण वाईट" असं म्हणू नये. मायडरिशची जमीन विषारी झाली होती आणि तिला गिऱ्हाईक नव्हतं. परळची जमीन सोन्याच्या भावाची होती. कोणालाच नको असलेली जागा सार्वजनिक करणं त्यामानाने सोपं. शिवाय चौक झाला म्हणून नोकऱ्या परत आल्या नाहीत. याच ड्युसबुर्गमध्ये ऱ्हाइनहाउझेनला क्रुपच्या कामगारांनी १९८७-८८ मध्ये कित्येक महिने लढा दिला, पूल अडवले. तरी १९९३ मध्ये तो कारखाना बंद झालाच, आज तिथे मालाची गोदामं आहेत. शहरातली बेकारी देशाच्या सरासरीहून अजूनही बरीच जास्त आहे.

तरीही फरक उरतोच. इथे राबलेला म्हातारा आज नातवाला घेऊन तिकीट न काढता भट्टीवर चढतो आणि सांगतो, "मी इथे उभा राहायचो." लोअर परळच्या मॉलमध्ये जुनी चिमणी दिसते, पण तिच्याखाली नुसतं बसायला आमच्या काकांना जागा कुठली? उद्योग जातात, ते कुणाला थांबवता येत नाही. पण गेल्यावर जमीन कोणाची, हे मात्र माणसं ठरवतात, आणि त्यासाठी कोणीतरी वेळेवर ओरडावं लागतं. मायडरिशमध्ये लोक ओरडले आणि सरकारने ऐकलं. आपल्याकडे लोक ओरडले नाहीत असं मुळीच नाही. कोर्टापर्यंत गेले. ऐकणारे कमी पडले.

जायचं असेल तर : ड्युसबुर्गच्या मुख्य स्टेशनवरून ९०३ नंबरची ट्राम, उतरायचं लांडशाफ्ट्सपार्क-नोर्डला. प्रवेश फुकट, उद्यान रात्रीही उघडं असतं. दिवे लागेपर्यंत थांबाच. १९९६ पासून भट्ट्यांवर जोनाथन पार्क या ब्रिटिश कलाकाराची रंगीत रोषणाई आहे. बरोबर घरातलं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांच्या जुन्या नोकरीची चौकशी तिथेच करा. लोखंड पाहिलं की माणसं बोलायला लागतात.