यंत्राचा काळा पडदा आणि त्याची वाचा

संगणकाच्या पेटींत पुष्कळ अवयव असतात आणि प्रत्येक अवयव केव्हां ना केव्हां बिघडतो. प्रिंटर अडला तर तशी सूचना पडद्यावर येते. साठवणुकीची जागा भरली तर तीहि सूचना येते. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट मात्र सर्वांहून निराळी आहे. यंत्रास जें जें दाखवावयाचें असतें तें ह्याच कार्डाच्या द्वारें पडद्यावर उमटतें. तेव्हां बिघाड ह्याच ठिकाणीं झाला, तर त्याची वार्ता आणणारा दूतच नाहींसा झालेला असतो. मोठ्या हौसेनें नवें कार्ड आणावें, पेटी उघडून तें बसवावें, कळ दाबावी, आंतील पंखे फिरूं लागावे आणि पडदा मात्र अवसेच्या रात्रीसारखा काळाच राहावा, हा अनुभव आज असंख्य कुटुंबांस परिचित आहे. अशा वेळीं बहुतेकांचा पहिला ग्रह होतो तो हा कीं, कार्डच सदोष निघालें. तें दुकानदाराकडे परत जातें, दुसरें येतें, आणि पडदा पुन्हां काळाच. कारण दोष पुष्कळदां कार्डांत नसतो, तो कार्ड आणि यंत्र ह्यांच्या सांध्यांत असतो. हा सांधा कोठें कोठें निखळत आला आणि मुक्या झालेल्या यंत्रास वाचा देण्याचे यत्न कसे होत गेले, हा इतिहास चाळीस वर्षांहून अधिक जुना आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डावर जोडकार्डांसाठीं पांच खाचा होत्या. पडद्याचें काम मदरबोर्डाकडे मुळींच नव्हतें. तें स्वतंत्र कार्डाकडे सोंपविलेलें होतें आणि तें कार्ड गिऱ्हाइकानें निवडून घ्यावयाचें होतें. कंपनीचीं कार्डें दोन होतीं. एक एकरंगी, तें केवळ अक्षरें दाखवी, ओळींत ८० आणि पडद्यावर २५ ओळी. दुसरें रंगीत, त्याच्या साह्यानें ३२० गुणिले २०० बिंदूंचें चार रंगांतील चित्र काढतां येई. ह्यांपैकीं कोणतें कार्ड खाचेंत आहे हें यंत्रास आपण होऊन कळत नसे. मदरबोर्डावर आठ आठ चिमुकल्या कळांच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांतील पहिल्या पट्टीवरील पांचवी आणि सहावी कळ लेखणीच्या टोंकानें सरकवून अमुक जातीचें कार्ड बसविलें आहे असें यंत्रास सांगावें लागे. पाहुण्याची ओळख करून देण्याचें काम सर्वस्वीं माणसाचें! कळ चुकली कीं कार्ड निर्दोष असूनहि पडदा कोरा.

ह्याहून मोठें संकट मॉनिटरावर येई. दोन्ही कार्डांच्या मागील बाजूस नऊ टांचण्यांची सारखीच जोडणी होती. परंतु एकरंगी मॉनिटरास सेकंदाला सुमारें १८,४०० आडव्या रेषांची अपेक्षा असे, आणि रंगीत कार्ड सुमारें १५,७०० रेषाच पाठवी. एकाचा मॉनिटर दुसऱ्यास जोडला, तर तो कायमचा निकामी होण्याचा संभव असे. ज्या दोन वस्तु जोडूं नयेत त्यांस सारखींच तोंडें द्यावयाचीं आणि मग सावधगिरीची अपेक्षा गिऱ्हाइकाकडून करावयाची, ही रीत त्या काळीं निघाली आणि ती पुढेंहि मधून मधून डोकें वर काढीत आली.

असें असलें तरी त्या यंत्राच्या रचनाकारांनीं एक दूरदर्शीपणा दाखविला होता. पेटींत एक लहानसा कर्णा होता. कळ दाबतांच यंत्र स्वतःची तपासणी करी. सर्व कांहीं ठीक असलें तर एकच आंखूड नाद निघे. आणि एक लांब व त्यामागून दोन आंखूड असे नाद आले, म्हणजे पडद्याच्या कार्डांत कांहीं गोम आहे असें समजावयाचें. डोळे मिटलेल्या यंत्रास ही मिळालेली पहिली वाचा. १९८४ सालीं ह्याच कंपनीचें पुढील यंत्र, ए. टी., आलें. तें तपासणीच्या प्रत्येक पायरीचा क्रमांक एका ठराविक द्वारावर लिहूं लागलें. दुरुस्तीवाले दोन आंकडे दाखविणारें एक लहान कार्ड रिकाम्या खाचेंत बसवीत आणि तपासणी कोणत्या पायरीवर थबकली तें वाचून काढीत. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसें ह्या नादांचेंहि झालें. आरंभींची आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्या अनेक झाल्या. अवार्डच्या यंत्रांनीं एक लांब व दोन आंखूड ही जुनी बोली राखली, तर ए. एम. आय.च्या यंत्रांत पडद्याच्या मेमरीचा दोष आठ नादांनीं कळूं लागला. ज्यास आपल्या यंत्राची बोली ठाऊक नाहीं, त्याच्या कानीं पडूनहि तें सांगणें व्यर्थच.

ह्या कार्डांचा संबंध खेळांशींच असतो अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. वर सांगितलेल्या एकरंगी कार्डांत अक्षरांच्या २५६ आकृति एका चकतींत कायमच्या कोरलेल्या असत. रोमन अक्षरें, कांहीं युरोपीय अक्षरें, चौकटीच्या रेषा, एवढेंच काय तें त्यांत होतें. ज्याची लिपी ह्या २५६ आकृतींत नाहीं, त्याच्या भाषेस त्या पडद्यावर स्थान नव्हतें. व्हॅन सुवन्नुकुल ह्या संशोधकास आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपींत तयार करावयाचा होता. त्या निकडींतून १९८२ सालीं हर्क्युलीस कार्ड जन्मास आलें. ७२० गुणिले ३४८ बिंदूंपैकीं प्रत्येक बिंदु त्यावर स्वतंत्रपणें उजळतां येई; म्हणून कोणतेंहि अक्षर काढतां येई. परंतु त्यानें एक नवा घोटाळाहि आणला. त्याच्या मेमरीचा दुसरा अर्धा भाग रंगीत कार्डाच्याच पत्त्यावर नांदे. दोन्ही कार्डें एका पेटींत बसविलीं, तर एकाच घरक्रमांकावर दोन बिऱ्हाडें आल्यासारखें होई. हर्क्युलीस कार्डाचा अर्धा भागच जागा करण्याची सोय होती. ती वापरली म्हणजे तंटा मिटे. प्रत्येक कार्ड एकटें असतां उत्तम चालावें आणि दोन्ही एकत्र येतांच यंत्र बंद पडावें, ह्या प्रकारानें कित्येकांस बुचकळ्यांत टाकलें.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशीं जो साक्षात् संबंध आहे तो येथेंच येतो. देवनागरी पडद्यावर आणण्याचे यत्न कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें १९८० नंतरच्या दशकांत चालू होते. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि मोहन तांबे ह्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें जिस्ट नांवाचें तंत्र पुढें आलें. जिस्ट कार्ड हें संगणकाच्या खाचेंतच बसवावयाचें जोडकार्ड होतें. रोमन लिपीसाठीं लिहिलेल्या साध्या आज्ञावल्याहि त्याच्या साह्यानें देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या दाखवीत. तें कार्ड खाचेंत नीट बसलें कीं नाहीं, ह्यावर त्या पडद्यावर मराठी उमटावयाची कीं नाहीं हें अवलंबून असे. २००० सालीं निघालेल्या विंडोज २००० ह्या प्रणालींत मराठीची सोय आंतच झाली आणि लिपीसाठीं निराळें कार्ड लावण्याची गरज हळूहळू संपली.

मध्यंतरीं १९८७ सालीं आय. बी. एम.नें व्ही. जी. ए. नांवाची पद्धति आणिली. ६४० गुणिले ४८० बिंदु आणि सोळा रंग, एवढी ती माफक. पण पुढील जवळजवळ सर्व कार्डांनीं ती बोली आत्मसात् केली. आजहि हिचा उपकार आहे, तो पुढें दिसेल. कार्डावरील जोडपट्ट्या हातानें हलवून पत्ते ठरविण्याचा त्रास चुकावा म्हणून १९९२ सालीं पी. सी. आय. ही खाच आली आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५. आतां यंत्र आणि कार्ड परस्परांची ओळख आपण होऊन करून घेतील, माणसानें केवळ कार्ड लावावें आणि कामास लागावें, असें वचन देण्यांत आलें. तें वचन आरंभीं इतकें अपुरें पाळलें गेलें कीं, थट्टेखोर लोक त्याचें विडंबन करून 'लावा आणि देवाचा धावा करा' अशा अर्थाचें नांव त्यास देऊं लागले. मात्र त्याच प्रणालींत एक आपद्धर्म होता. नव्या कार्डाशीं सूत जमलें नाहीं, तर सुरक्षित रीतीनें आरंभ करतां येई आणि त्या वेळीं यंत्र १९८७च्या त्या जुन्या, सर्वांस समजणाऱ्या बोलींत बोले. चित्र ओबडधोबड दिसे, पण दिसे. आणि दिसलें म्हणजे उपाय करतां येई.

खाचेचा तंटा एवढ्यानें मिटला नाहीं. १९९६ सालीं इंटेलनें ए. जी. पी. नांवाची खास चित्रांसाठींची खाच आंखून दिली. आरंभीं ती ३.३ व्होल्टची होती, पुढें १.५ व्होल्टची झाली. चुकीचें कार्ड शिरूंच नये म्हणून खाचेंत आडवा खुंटा आणि कार्डास त्याजोगी भेग, अशी योजना होती. योजना उत्तम. परंतु कांहीं उत्पादकांनीं ३.३ व्होल्टच्याच कार्डांस दोन्ही भेगा पाडून विकलें. असें कार्ड १.५ व्होल्टच्या बोर्डांत सुखानें बसे आणि बोर्डासच जाळून टाकी. ज्या भेगेवर विश्वास ठेवावयाचा तीच खोटें बोलूं लागली, तर घरगुती मनुष्यानें करावें तरी काय?

२००४च्या सुमारास पी. सी. आय. एक्स्प्रेस खाचा घरोघरीं येऊं लागल्या आणि आतां तंट्याचें मूळ पत्त्यांवरून उठून विजेवर गेलें. ही खाच कार्डास अधिकांत अधिक ७५ वॅट वीज पुरविते. मोठ्या कार्डाची भूक त्याहून मोठी. म्हणून वीजपेटींतून निराळ्या तारा आल्या. सहा टांचण्यांची ७५ वॅटची, आठ टांचण्यांची १५० वॅटची. तार जोडावयाची राहिली, तर पंखा फिरूनहि चित्र येत नाहीं. २००२ सालच्या रेडिऑन ९७०० प्रो ह्या कार्डाचें ह्या बाबतींत कौतुक करावेंसें वाटतें. त्याची वीजतार विसरली, तर वीजतार जोडलेली नाहीं अशी सूचना तें स्वतःच पडद्यावर लिहून दाखवी. उपाशी पाहुण्यानें आपण होऊन पान मागितलें, तर यजमानाची केवढी सोय होते! हा गुण पुढील सर्व कार्डांनीं उचलला नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें ४५० वॅटचें आर. टी. एक्स. ४०९० हें कार्ड निघालें. त्याची वीज ६०० वॅटपर्यंतच्या एकाच सोळा टांचण्यांच्या जोडणींतून येई. थोड्याच दिवसांत कित्येक ठिकाणीं ही जोडणी वितळल्याचें आढळलें; जोडणी पूर्णपणें आंत न बसणें हें त्याचें एक प्रमुख कारण असल्याचें एन्व्हिडिया कंपनीनें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सांगितलें. २०२३ सालीं जोडणींतील खुणेच्या टांचण्या आंखूड करण्यांत आल्या. आतां ती अर्धवट बसली, तर कार्डास वीज मिळतच नाहीं. पडदा काळा राहतो, पण आग लागत नाहीं. काळा पडदा येथें दोष नसून रखवालदार आहे.

तारा, खाचा आणि वीज सर्व ठीक असूनहि एक सांधा उरतो, तो ड्रायव्हरचा. कार्ड आणि प्रणाली ह्यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारी ही आज्ञावली. जानेवारी २००७ मध्यें विंडोज व्हिस्टा विक्रीस आली. तिनें दुभाषी दोन सेकंद गप्प राहिला तर त्यास हलवून पुन्हां उभें करण्याची व्यवस्था केली. तरीहि त्या वर्षीं मायक्रोसॉफ्टनें केलेल्या नोंदींत, ज्या पुढें २००८ सालीं एका न्यायालयीन कामांत उघड झाल्या, व्हिस्टाच्या यंत्रकोसळींपैकीं २८.८ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवीत होत्या. त्या कार्डांपैकीं पुष्कळ स्वतः धडधाकट असलीं पाहिजेत हें उघड आहे. नवें कार्ड लावण्यापूर्वीं जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा, हा दुरुस्तीवाल्यांचा आग्रह अशाच अनुभवांतून आलेला आहे.

आज ज्या घरीं नव्या कार्डानंतर पडदा काळा पडतो, तेथें पहिली चौकशी फार साधी असते. हल्लींच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्र काढण्याची थोडी शक्ति अंगचीच असते, आणि तिच्यासाठीं मदरबोर्डावर मॉनिटरचें एक छिद्र असतें. वर्षानुवर्षें तार तेथें लावण्याची संवय. नवें कार्ड आलें तरी हात तेथेंच जातो, आणि यंत्र दुसऱ्याच दारांतून बोलत राहतें. तार कार्डाच्या दारास लावली कीं अर्धे खटले तेथेंच निकालांत निघतात. त्यानंतर वीज तोडून कार्ड काढावें आणि खाचेची खिट्टी आपल्या जागीं बसून टक् असा आवाज येईपर्यंत तें पुन्हां दाबावें. मग वीजतारा. मग जुनें कार्ड परत लावून पाहावें. जुनें चाललें, तर बोर्ड आणि मॉनिटर निर्दोष. नवें दुसऱ्याच्या यंत्रांत चाललें, तर तेंहि निर्दोष. मग उरतात वीजपेटीचा जोर, आरंभींची आज्ञावली आणि ड्रायव्हर. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. चार एकदम बदलणाऱ्यास यश आलें तरी तें कशानें आलें हें त्यास कधींच कळत नाहीं.

आणि यंत्राच्या वाचेचें काय झालें? चार पैशांची बचत म्हणून पुष्कळ पेट्यांत आतां तो लहान कर्णा दिलेलाच नसतो. यंत्र जीव तोडून एक लांब दोन आंखूड म्हणत असेल, पण ऐकूं येत नाहीं. त्याऐवजीं कित्येक मदरबोर्डांवर कडेला चार चिमुकले दिवे असतात. प्रोसेसर, मेमरी, चित्र आणि आरंभ, ह्यांपैकीं ज्या पायरीवर यंत्र थांबलें तो दिवा जळत राहतो. चित्राच्या दिव्यावर बहुधा तीन अक्षरें छापलेलीं असतात, १९८७ सालचीं: व्ही. जी. ए.