धूम, सर्प आणि ओवा

हिमालयात खडकांना बिलगून पसरणाऱ्या रानटी थाइमला तिकडे ‘बन अजवायन’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे झुडूप तुळस-पुदिन्याच्या कुळातले आणि आपला ओवा धने-जिऱ्याच्या. नात्यागोत्याचा संबंध नाही. पण पान चुरगळून नाकाशी धरले की नाव कुणी का ठेवले ते कळते. दोहोंच्या तेलात थायमॉल असते. रसायनज्ञ मात्र उलट्या दिशेने आले. लालमां या फ्रेंच संशोधकाने १८५३ मध्ये थाइमवरून ‘थायमॉल’ हे नाव दिले, आणि ओव्याच्या अर्काला ग्रीक नाव चिकटले.

युरोपातल्या रानथाइमचे शास्त्रीय नाव ‘थायमस सर्पायलम’. पहिला शब्द ग्रीक ‘थ्युमोन’. त्यामागे धूर करणे, आहुती देणे या अर्थाचा धातू असावा. आपला ‘धूम’ त्याचाच भाऊबंद, आणि लॅटिन ‘फ्यूमस’मार्गे ‘परफ्यूम’ही. दुसऱ्या शब्दात ग्रीक ‘हेर्पो’, लॅटिन ‘सेर्पो’, संस्कृत ‘सृप्’ एका रांगेत बसतात: सरपटणारे ते. ‘हर्पीज’ही याच ‘हेर्पो’तून निघाला. मराठीने त्यातल्या एका दुखण्याला ‘नागीण’ म्हणावे, हा योगायोग मला फार आवडतो.

आता ओवा. जुन्या लेखनात तो ‘ओंवा’ असा अनुस्वारासह दिसतो. संस्कृत ‘यवानी’तला ‘न’ त्या अनुस्वारात उरला असावा. ‘यवानी’ची फोड अधिक गमतीची आहे. पाणिनीच्या एकाच सूत्रात ‘यव’ (जव) आणि ‘यवन’ (ग्रीक) शेजारीशेजारी बसले आहेत. सूत्रावर टीप जोडणाऱ्या वार्तिककाराच्या मते ‘यवानी’ म्हणजे सदोष यव, तर ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी. ओव्यात जवासारखे काहीच नाही, म्हणून तो यवनांकडून आला असे म्हणण्याचा मोह होतो; सूत्र मात्र त्याला थारा देत नाही. फारसीत थाइमला ‘आवीशन’ म्हणतात, पण त्याच्या ध्वनिसाम्यालाही भुलू नये. ओव्याचे खरे फारसी नाव ‘नानख्वाह’, म्हणजे भाकरी मागणारा, भूक लावणारा. ‘तनख्वाह’ झिजून आपला ‘तनखा’ झाला, त्यातला ‘ख्वाह’ हाच.

थायमॉलचा जुळा भाऊ कार्व्हाक्रॉल. दोघांत दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फक्त ऑक्सिजनची जागा वेगळी. कार्व्हाक्रॉलचे नाव शहाजिऱ्याच्या ‘कार्वी’ या लॅटिन नावावरून. ते अरबी ‘करावया’शी जोडले जाते, आणि आयुर्वेदाच्या निघंटूंतली ‘कारवी’ही त्याच मालिकेतली दिसते. सह्याद्रीतली कारवी अर्थात निराळी.

रानथाइमच्या तेलात कुठे थायमॉल जास्त, कुठे कार्व्हाक्रॉल, तर कुठे दोन्ही बाजूला सारून लिनालूल किंवा जिरॅनिऑल ही निराळी सुगंधी द्रव्ये वरचढ. जात एक, पण तेल ठिकठिकाणी वेगळे. पहिले दोन जिवाणूंच्या पेशीचे आवरण सैल करतात, म्हणून गुळण्यांच्या औषधात थायमॉल असते. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले म्हणजे रोग्याच्या पोटातही मरतील, असे मात्र नव्हे.

आपल्याकडे थायमॉलला जुने, देखणे नाव आहे: ‘ओव्याचे फूल’. हे पांढरे खडे, कापूर आणि पुदिन्याचे फूल (मेंथॉल) एका बाटलीत टाकून हलवले की थोड्या वेळात तिन्ही घट्ट पदार्थ पाणी होतात, तीच अमृतधारा.

‘खुरासानी ओवा’ हा मात्र नावापुरताच ओवा. ती विषारी वनस्पती आहे, स्वयंपाकात नको. आणि ज्यांच्या घरात ‘ओंवा’ अजून नाकातून उच्चारला जातो, त्यांनी आपल्या गावाच्या नावासह अवश्य कळवावे.